शाडूची माती आणि मागची दोन चाकं

गणपतीसाठी आणलेली शाडूची माती आमच्याकडे दरवर्षी थोडी उरते. यंदा दोनेक किलो उरली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून न्हाणीघरात ठेवलेली ती माती विसर्जनानंतरच्या रविवारी बाहेर काढली, तिचे लिंबाएवढे गोळे केले आणि माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कॉन्टेसा गाडीच्या मागच्या मडगार्डात आतल्या बाजूने सोळा ठिकाणी चिकटवले. डिकीत वाघ्या घेवड्याची दोन पोती टाकली. मागच्या सीटवर भाचा आणि त्याचे दोन मित्र बसले. साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर सहा वेळा ओलांडला, तीनदा सरळ आणि तीनदा तिरका. मग गाडी अंगणात आणून चाकं उतरवली आणि एकेक गोळा सुरीने मधोमध कापून पट्टीने त्याची जाडी मोजली.

मागे नवे रुंद टायर चढवले होते, ते पत्र्याला घासतात का हे बघायचं होतं. गोळा जसाच्या तसा राहिला असेल तिथे जागा भरपूर. दाबून आठ मिलिमीटरचा झाला असेल तिथे आठच मिलिमीटर जागा. डावीकडे मडगार्डाच्या दुमडीखाली लावलेल्या एका गोळ्याचा नुसता करडा डाग उरला होता. हा डाग मला जूनमध्येच दिसायला हवा होता. १९ हजार रुपये आणि दोन कोरे टायर वाचले असते.

गाडी १९९४ ची आहे. कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. अण्णा महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते. प्रिया स्कूटर साताऱ्यात बनायची, हे आता माझ्या वर्गातल्या मुलांना सांगावं लागतं. नोकरीभर स्कूटरच्या लहान चाकांत वावरलेल्या माणसाला ही लांबलचक नाकाची गाडी हवी होती. हिंदुस्थान मोटर्सने २००२ मध्ये कॉन्टेसा बंद केली, जुन्या गाड्यांचे भाव उतरले आणि २००३ मध्ये अण्णांनी पुण्याहून ही आणली. घरी पोचल्यावर आईने बोनेटवर हळद-कुंकू वाहिलं आणि विचारलं, "एवढी मोठी? अंगणात वळणार कशी?" अंगणात ती आजही वळत नाही, उलटीच बाहेर काढावी लागते.

आपल्याकडे कॉन्टेसाला कौतुकाने भारतीय मसल कार म्हणतात. खऱ्या मसल कार अमेरिकेतल्या. मध्यम आकाराच्या बॉडीत भलंमोठं आठ सिलिंडरांचं व्ही-एट इंजिन आणि जोर मागच्या चाकांवर. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून ती पद्धत रुजली असं मानतात, तिचं इंजिन जवळपास ६.४ लिटरचं होतं. कॉन्टेसाचं मूळ मात्र इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल व्हीएक्समध्ये आहे. तो साचा उत्तरपाड्याच्या कारखान्यात आला आणि १९८४ पासून तिथे ही गाडी बनू लागली, सुरुवातीला तर अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन घालून. म्हणजे ताकदीच्या बाबतीत तुलनाच नाही. माझ्या गाडीचं इंजिन नव्वद हॉर्सपॉवरच्या आतलं आहे. पण लांब बोनेट, चौकोनी बांधा, मागच्या दोन चाकांना जोडणारा एकसंध अॅक्सल आणि मागून मिळणारा रेटा या गोष्टी तिच्यात आहेत. घाटात दुसऱ्या गिअरवर ती ढकलते तेव्हा तो रेटा पाठीला जाणवतो.

अण्णांची एकच तक्रार होती. गाडी मागून बघितली की म्हणायचे, "पैलवानाचं धड आणि शाळकरी पोराचे पाय." ते खरंच होतं. एवढ्या रुंद बॉडीखाली १७५/८० आर १३ चे टायर, तेही मडगार्डाच्या बरेच आत. मागे रुंद टायर टाकायचे असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. बॅटरीचा खर्च आणि इन्शुरन्सची तारीख या दोन नोंदींच्या मध्ये ती ओळ आहे. ते गेले त्याला चार वर्षं झाली. गाडी आता मी चालवते आणि ती ओळ मला पुरी करायची होती.

जूनमधली गोष्ट आधी सांगून टाकते. भाच्याने कुठूनतरी पंधरा इंची जुनी अलॉय चाकं मिळवली. "आत्या, मागे सव्वादोनशेचेच टाक, त्याशिवाय मजा नाही," म्हणाला. हायवेलगतच्या एका दुकानात २२५/६० आर १५ चे दोन टायर घेतले. अलॉयची बोल्टांची भोकं आमच्या हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाला, जुळत नव्हती, म्हणून दुकानदाराने मध्ये एकेक इंच जाडीच्या अडॅप्टर प्लेटा घातल्या. वीस मिनिटांत गाडी तयार. मागून अशी दिसत होती की अण्णांनी बघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पाचजण कासला निघालो. समर्थ मंदिरावरून वर लागलो आणि यवतेश्वराच्या घाटातल्या दुसऱ्याच वळणावर मागून करवतीसारखा आवाज आला. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. उतरून पाहिलं, तर डाव्या टायरच्या खांद्यावर बोटभर रुंद चर पडलेली होती आणि मडगार्डाची धार चकचकीत झाली होती. तिघांना खाली उतरवून मी गाडी पंधराच्या वेगाने परत आणली. घरी चाक काढलं, तर अडॅप्टर प्लेटेचा एक नट हाताने फिरत होता. तो नट चाकाच्या मागे झाकला जातो, चाक काढल्याशिवाय पाना लागतच नाही. या प्लेटांबद्दल माझं मत त्या क्षणी कायमचं ठरलं. ज्या नटावर माणसं बसलेली गाडी उभी आहे तो नट मला दिसला पाहिजे.

आमचे मिस्त्रीमामा अण्णांच्या वेळेपासून ही गाडी बघतात. त्यांना हाक मारली. ते आले, चर बघितली आणि रागावले नाहीत, पण वाईट वाटलेलं दिसत होतं.

"बाई, टायर बाहेरनं बघून घ्यायचा नसतो. आत हात घालून बघायचं. आन् गाडीत मानसं बसल्यावर बघायचं."

मग आम्ही जुनी तेराची चाकं परत चढवली आणि मोजायला बसलो. मी शाळेत गणित शिकवते, चौकटीची वही घरात असतेच. टायरवरचे आकडे ज्यांना वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. १७५/८० आर १३ यात १७५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि १३ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंत १४० मिलिमीटर, दोन भिंती २८०, त्यात तेरा इंचांचे ३३० मिळवा. पूर्ण चाकाचा व्यास ६१० होतो. २२५/६० आर १५ चा याच हिशेबाने ६५१ होतो. चाक रुंदच नाही, ४१ मिलिमीटरने उंचही झालं होतं. काटा साठ दाखवत असताना गाडी चौसष्टने धावत होती. शिवाय मोठं चाक म्हणजे लांब गिअर, एका फेऱ्यात जास्त अंतर, त्यामुळे चढावर इंजिन गुदमरल्यासारखं वाटत होतं. जूनच्या त्या सकाळी मला वाटलं होतं की पाच माणसांचं ओझं झालंय.

आता रुंदीचं. टायरची आतली बाजू आणि आतल्या पत्र्याची भिंत यांत उजवीकडे ३१ मिलिमीटर भरले, डावीकडे ३४. बाहेर, टायरपासून मडगार्डाच्या कडेपर्यंत, उजवीकडे ४६ आणि डावीकडे ४३. दोन्हीकडे बेरीज ७७ च येते. म्हणजे मागचा अॅक्सल दीड मिलिमीटर डावीकडे सरकलेला आहे. तीस वर्षांच्या गाडीत असं असणारच, म्हणून एका बाजूचं माप घेऊन दुसरी बाजू गृहीत धरू नये. हिशेब नेहमी दोन्हींतल्या अडचणीच्या आकड्यावर करायचा. माझ्यासाठी आत ३१ आणि बाहेर ४३.

२२५ चा टायर त्या रिमवर मोजून २३३ भरला आणि जुना १७३. मधली रेघ तीच ठेवली तर तो प्रत्येक बाजूला ३० ने वाढतो, त्यात प्लेटेने पंचवीस बाहेर ढकललेला. बाहेर लागणार पंचावन्न, आणि जागा त्रेचाळीस. वहीत ही वजाबाकी लिहिली आणि घाटातला आवाज पुन्हा ऐकू आला. दोन ओळींचं गणित होतं, ते आधी केलं असतं तर रस्त्यात मुलांच्या जिवाला घोर लागला नसता.

मला हवा तो टायर शेवटी २०५/६० आर १५ ठरला. व्यास ६२७, जुन्यापेक्षा पावणेतीन टक्के जास्त, चालण्यासारखा. या मापाला साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते. माझ्या जुन्या रिमा आतून मोजल्या तर साडेचारच्या होत्या. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मध्ये फुगतो, खांदे जमिनीला टेकत नाहीत आणि वळणावर भिंत डुलते. म्हणून साडेसहाची रिम करायची ठरली.

कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन ती करून घेतली. मधली पाटी कॉन्टेसाच्याच जुन्या डिस्कची, म्हणजे भोकं हबला बरोबर जुळणार, आणि बाहेरचा कडा पंधरा इंची. पाटी कड्यात कुठे बसवायची हे आपल्या हातात असतं आणि सगळा खेळ तिथे आहे. मी चाकाची मधली रेघ पाच मिलिमीटर बाहेर घेतली. आत १८ उरतात, बाहेर २०. लेथवर चढवून डायल गेजने रिमचा आउट, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, बघितला, अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणला. वेल्डिंगवर लाल द्रव लावून, पुसून, वर पांढरी पूड मारून तपासणी करायचा मी आग्रह धरला. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एकाही रिमवर उमटली नाही. तिथल्या कारागिराने चारही रिमा न कुरकुरता तशा तपासून दिल्या. त्याच्या हाताला आणि मनाला मी नमस्कार केला.

टायर घेताना तारीख बघा. भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. जूनमध्ये घेतलेल्या टायरांवर मी नंतर वाचलं, तर सहा वर्षांपूर्वीचा माल होता. या वेळी दुकानात बॅटरी लावून वाचूनच घेतले.

एवढं करूनही शाडूचा तो डाग आला. वीस मिलिमीटर जागा कागदावर होती, मग गेली कुठे? मामांनी दुमडीवर बोट ठेवलं. मी माप मडगार्डाच्या बाहेरच्या कडेपर्यंत घेतलं होतं. पण तो पत्रा कडेला आत दुमडलेला असतो, आमच्या गाडीत बारा मिलिमीटर. म्हणजे उरले आठ. त्यात अॅक्सल धरणारी रबरी बुशं म्हातारी झालेली. तिरक्या स्पीडब्रेकरवर अख्खा अॅक्सल बाजूला सरकतो, एवढा की ते आठही संपतात. गाडी रिकामी आणि सपाट जमिनीवर उभी असताना हे कधीच दिसलं नसतं.

आधी बुशं बदलली. मग दुमड वळवायची होती. परदेशात यासाठी बेसबॉलची दांडी वापरतात. मामांनी आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं आजीचं मुसळ मागितलं. लोखंडी वसवी काढून त्यावर जुन्या सतरंजीची पट्टी गुंडाळली. रंग तडकू नये म्हणून मी केस वाळवायच्या यंत्राने पत्रा हाताला चटका बसेपर्यंत तापवत राहिले. टायर आणि दुमड यांच्यामध्ये मुसळ घालून मामांनी ते धरलं आणि भाच्याने गाडी इंच-इंच पुढे ढकलली. मुसळ फिरत फिरत दुमड वर दाबत गेलं. एका फेरीत नाही, सात-आठ फेऱ्यांत, दर फेरीला थोडं अधिक. घाई केली की बाहेरचा पत्रा लाटेसारखा उठतो. शेवटी दुमड सपाट झाली आणि दहा मिलिमीटर जागा मिळाली. दोन पत्र्यांच्या सांध्यात एके ठिकाणी रंगाला बारीक तडा गेला, तिथे लगेच खरवडून प्रायमर आणि सीलर भरला. साताऱ्याच्या पावसात असा तडा उघडा ठेवला तर दोन वर्षांत मडगार्ड हातात येतं.

पुन्हा शाडू, पुन्हा पोती, पुन्हा तीन पोरं. सगळ्यात पातळ गोळा अकरा मिलिमीटरचा निघाला. ब्रेकची रबरी नळी आणि हँडब्रेकची केबल टायरच्या आतल्या बाजूला लागत नाही ना, तेही जॅकवर चाक लोंबतं ठेवून बघितलं. आणि वरून उभं राहून, टायर बॉडीच्या रेघेबाहेर जात नाही हेही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या फेरफारांवर बंधन घालतं आणि दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना गाडी तपासायला न्यावी लागते. मूळ मापाचा तेराचा एक पूर्ण संच मी माळ्यावर जपून ठेवलाय.

मग घाट. मला वाटलं होतं काम झालं. पुढे अजून जुनेच १७५ चे टायर होते. यवतेश्वराच्या वळणांवर गाडी मागून खिळल्यासारखी बसली, पण तोंड वळेना. स्टिअरिंग फिरवलं की नाक आधी बाहेरच्या कठड्याकडे ओढायचं आणि मग वळायचं. हे घडणारच होतं. मागची पकड वाढवली, पुढची तिथेच ठेवली, तर आधी पुढची चाकं घसरणार. मसल कारच्या फोटोत मागे रुंद, पुढे अरुंद छान दिसतं. ती पद्धत सरळ रस्त्यावर इंजिनाचा जोर जमिनीत उतरवण्यासाठी आली. आमच्याकडे जोर कमी आणि वळणं जास्त. कोल्हापूरच्या उरलेल्या दोन रिमा मी साडेपाच इंची करून घेतल्या होत्या, त्यावर पुढे १८५/६५ आर १५ चढवले. व्यास ६२१. आता नाक जिथे दाखवावं तिथे जातं, आणि पुढे-मागे रुंदीतला फरक डोळ्यांना दिसण्याइतका राहिलाय.

एक समज मात्र काढून टाकावा. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर, असं सरसकट नसतं. मागच्या एका चाकावर ३०० किलो भार आणि टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण १४० चौरस सेंटिमीटर, टायर कुठलाही असो. अरुंद टायरमध्ये तो लांबट असतो, रुंद टायरमध्ये आडवा. आडवा ठसा वळणावर चांगला, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, कारण त्याला एका वेळी जास्त रुंदीचं पाणी बाजूला सारावं लागतं. कासच्या रस्त्यावर पाऊस धो-धो असतो तेव्हा मी पूर्वीपेक्षा दहाने कमी वेग ठेवते, आणि भाच्यालाही तीच अट घातलीय.

हवा किती ठेवायची ते खडूने ठरवलं. खडू माझ्या पर्समध्ये असतोच. टायरच्या तोंडावर आडवी जाड रेघ ओढायची, गाडी सरळ शंभर पावलं चालवायची आणि बघायचं. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त, कडांचाच पुसला तर कमी. पाच-सहा वेळा करून माझ्या गाडीला पुढे ३० आणि मागे २८ जमली. मागे माणसं बसली की मागे दोन वाढवते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आई पुढे बसली, आम्ही कासला जाऊन आलो. फुलं सरत आली होती, तेरड्याचा जांभळा पट्टा तेवढा होता. पंचवीसेक किलोमीटर वर, तेवढेच खाली, आणि मागून एकदाही आवाज नाही. परत आल्यावर मामा अंगणात थांबलेले होते. त्यांनी आधी दोन्ही मडगार्डांत हात घालून बोटं बघितली, कुठे रबर लागलंय का. मग गाडीच्या मागे जाऊन कितीतरी वेळ उभे राहिले.

"अण्णांना आवडली असती," म्हणाले.

डिकीतल्या स्टेपनीचं काम राहिलंय. पंधराचं चाक जुन्या खाचेत बसत नाही. सध्या पुढच्या मापाचं एक चाक आडवं टाकून पट्ट्याने बांधलंय. मागे पंक्चर झालं तर तेच मागे लावून हळूहळू जवळच्या दुकानापर्यंत जायचं, लांब नाही, कारण दोन बाजूंना वेगळ्या व्यासाची चाकं असली की डिफरन्शियल, म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं. मामा म्हणाले दिवाळीनंतर खाच मोठी करू. तोवर घेवड्याची पोती मागच्या सीटवरच.